दहावीची अंकगणिती श्रेढी संगणक खोलीत: कामाच्या नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

यंदा दहावी 'अ'ला गणित भाग १ मधलं तिसरं प्रकरण, अंकगणिती श्रेढी (सलग दोन पदांतला फरक कायम सारखा असलेली क्रमिका, म्हणजे आकड्यांची रांग), संगणक खोलीत घ्यायचं ठरवलंय. शाळा खटाव तालुक्यातली, अनुदानित, मराठी माध्यम. वर्गात ४४ मुलं. 'ब' तुकडीला आमचे दुसरे गणिताचे सर नेहमीप्रमाणे फळ्यावर शिकवणार आहेत, त्यामुळे तुलनाही आपोआप होईल.

आज मामांकडून किल्ली घेऊन खोली उघडली. संगणक १०, त्यातले ७ सुरू झाले. सगळ्यांवर विंडोज ७ आणि एक्सेल २००७. यूपीएस नावालाच आहेत, लाईट गेली की मशिनही जाते. दोन कीबोर्डांची एंटर की बसलेली. प्रत्येक मशिन सुरू होताना तारीख विचारते, कारण आतले बटण-सेल कधीच संपलेत. हे सेल बाजारात तीस रुपयांना एक मिळतात, नंबर सीआर २०३२. आधी तेच बदला. तारखेच्या खिडकीवर एंटर मारत बसण्यात तासिकेची पहिली पाच मिनिटं जातात.

७ मशिनला ४४ मुलं म्हणजे एकेका पडद्यापुढं सहा जण. दोघं काम करणार, चौघं एकमेकांना चिमटे काढणार. म्हणून वर्गाचे दोन गट केले. एक गट मशिनवर, दुसरा मागच्या बाकांवर आलेखाची वही घेऊन. अर्ध्या तासिकेला अदलाबदल.

९ जुलै, बुधवार

आधीच्या शिक्षकांनी केलेल्या काही फाइली सापडल्या. मराठी मथळे जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले, तो फॉन्ट फक्त ऑफिसातल्या मशिनवर आहे. इथं नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. दुरुस्त करत बसले नाही, नवीन फाइल युनिकोडमध्ये केली. जुनं साहित्य वाचवायच्या मोहात पडू नका, पुन्हा टाइप करणं लवकर होतं.

मुख्याध्यापक सरांच्या केबिनमधला टीव्ही तासिकेपुरता मिळाला. केबल मात्र आपली आणायची.

१४ जुलै, सोमवार

पहिला तास. सूचना एवढीच दिली: ए१ मध्ये ४ लिहा, ए२ मध्ये ७, दोन्ही घरं सिलेक्ट करा, कोपऱ्यातला काळा ठिपका धरा आणि खाली ओढा.

४, ७, १०, १३ असं सगळं भराभर आलं. मुलं खूश. कुणी हजाराव्या ओळीपर्यंत ओढलं, कुणी दोन हजारांपर्यंत. विचारलं, "शंभरावं पद किती?" सगळ्यांनी शंभराव्या ओळीवर जाऊन ३०१ सांगितलं. उत्तर बरोबर. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, मग सूत्र कशाला?"

बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटरसुद्धा चालत नाही, हे उत्तर मी दिलं खरं, पण ते काही उत्तर नव्हे. तेवढ्यात एकाला कंट्रोल आणि खालचा बाण एकदम दाबला की पानाचा तळ येतो हे सापडलं. तळाची ओळ १०,४८,५७६. तिथंच पकडलं आणि म्हटलं, "वीस लाखावं पद काढा." ओढायला जागाच नाही. थोडा वेळ शांतता, मग एका मुलीने वहीत सूत्राने ४ + १९,९९,९९९ × ३ मांडून ६०,००,००१ आणलं. आता सूत्र कशाला हे परत कुणी विचारलं नाही.

दुसरा प्रश्न होता, ५०० हे या क्रमिकेतलं पद आहे का? मला वाटलं होतं ५०० मधून ४ वजा करून ३ ने भागतील. यांनी शोधायची खिडकी उघडून ५०० टाइप केलं. ज्यांनी लांबपर्यंत ओढलं होतं त्यांच्या मशिनने एका घरावर नेऊन ठेवलं आणि "आहे, आहे!" असा गलका झाला. बघितलं तर घरात २५०० होते. मशिनने २५०० च्या पोटातले ५०० शोधले होते. शोधाच्या खिडकीत संपूर्ण घर जुळवण्याची खूण करावी लागते, ती केली की काहीच सापडत नाही. पण "सापडलं नाही" आणि "नाहीच" यात फरक आहे, आणि तो भागाकारानेच ठरतो: ४९६ ला ३ ने पूर्ण भाग जात नाही. पुढच्या वर्षी हा प्रश्न मुद्दाम २५०० चा सापळा लावूनच घालणार आहे.

१५ जुलै, मंगळवार

नुसतं ओढणं बंद केलं. आज सूत्राने क्रमिका. ए१ मध्ये पहिलं पद ५, डी१ मध्ये फरक ३. ए२ मध्ये बरोबरचं चिन्ह टाकून ए१ अधिक डी१, आणि ते खाली ओढायचं.

सातही मशिनवर एकच उत्तर आलं: ५, ८, ८, ८, ८, ८.

एक्सेल वापरणाऱ्याला कारण माहीत असतं. खाली ओढताना ए१ चं ए२ होतं तसं डी१ चंही डी२ होतं, आणि डी२ रिकामं म्हणजे शून्य. डी१ ला डॉलरची चिन्हं लावून बांधून टाकलं की काम झालं. सूत्रात डी१ वर असताना एफ४ दाबा, डॉलर आपोआप लागतात. एवढं सांगून मी पुढे निघाले होते, तर पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "पण मॅडम, ८, ८, ८ ही पण श्रेढीच झाली ना? फरक शून्य." तिचं म्हणणं सोळा आणे खरं. सलग दोन पदांतला फरक कायम शून्य, म्हणजे अंकगणिती श्रेढीच. मग वर्गाला विचारलं, ५, ८, ८, ८ ही श्रेढी आहे का? पहिला फरक ३, नंतरचे ०, म्हणून नाही. पहिलं पद झाकलं की आहे. पंधरा मिनिटं यावरच गेली. ही चर्चा आखून घडवता आली नसती.

आणखी एक घोटाळा घरी वह्या तपासताना लक्षात आला. फरकाला आपण डी म्हणतो आणि तो सोयीसाठी मी डी स्तंभात ठेवला होता. पहिलं पद ए, तेही ए स्तंभात. बऱ्याच मुलांनी लिहिलं होतं की डी हा डी स्तंभातच ठेवावा लागतो. एकाने तर 'ए म्हणजे पहिला स्तंभ' असं लिहिलं. उद्यापासून दिलेल्या संख्यांची घरं जी आणि एच स्तंभात, शेजारी मराठी मथळे. मथळ्यांना लीलावतीच्या श्रेढीव्यवहारातले शब्द घेतले: पहिलं पद म्हणजे आदि, फरक म्हणजे चय, पदांची संख्या म्हणजे गच्छ, बेरीज म्हणजे सर्वधन. भास्कराचार्यांनी हे ११५० च्या सुमारास लिहिलंय. मुलांना गच्छ शब्द फार आवडला, दिवसभर एकमेकांना गच्छ म्हणत होती.

१८ जुलै, शुक्रवार

आज फळ्यावर लिहिलं: २, ४, ८. आधी वहीत पुढची दोन पदं लिहा, मग मशिनवर ओढा. हा क्रम महत्त्वाचा आहे. सोमवारी मी आधी ओढायला दिलं होतं, तेव्हा कुणी डोकं चालवलं नव्हतं.

वहीत सगळ्यांनी १६ आणि ३२ लिहिलं. मशिनने दिलं १०.६६६६७ आणि १३.६६६६७.

दोन गटांनी मशिन बिघडलं म्हणून मला बोलावलं, एका गटाने मशिन बंद करून परत सुरू केलं. एकाने सरळ १०.६६६६७ खोडून १६ टाइप केलं आणि गप्प बसला. नंतर १, ४, ९ करून बघितलं. वहीत १६, २५. मशिनवर १२.६६६६७, १६.६६६६७.

तासिका संपली तेव्हा फळ्यावर फक्त प्रश्न उरला होता: हे आकडे आले कुठून? उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर नेमकं उत्तर दहावीच्या भाषेत कसं सांगायचं ते मलाही घरी बसून ठरवायचं होतं.

१९ जुलै, शनिवार

सकाळची शाळा, खोली नाही, वर्गातच घेतलं. एक्सेलला दोनपेक्षा जास्त आकडे देऊन ओढलं की ते त्या आकड्यांना सगळ्यात जवळून जाणारी सरळ रेषा धरतं आणि त्या रेषेवरचे पुढचे बिंदू देतं. म्हणजे तुम्ही काहीही द्या, ते पुढे अंकगणिती श्रेढीच लावणार. १०.६६६६७ आणि १३.६६६६७ मधला फरक बरोबर ३ आहे, हे मुलांनी स्वतः शोधलं.

तीन आकड्यांपुरता हिशोब अगदी सोपा आहे. रेषेचा चय म्हणजे शेवटचा वजा पहिला, भागिले २. इथे (८ − २) ÷ २ = ३. आणि मधल्या जागेवर तिन्हींची सरासरी: १४ ÷ ३ = ४.६६६६७. चौथी जागा मधल्या जागेपासून दोन पावलं पुढे, म्हणून ४.६६६६७ + ६. आलं १०.६६६६७. १, ४, ९ साठी चय ४, सरासरी पुन्हा १४ ÷ ३, म्हणून ४.६६६६७ + ८ = १२.६६६६७. दोन्हींची बेरीज १४ आहे हे एका मुलाच्या लक्षात आलं तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या.

मग पैज लावली. श्रेढी नसलेले तीन पूर्णांक असे शोधा की ओढल्यावर मशिनला अपूर्णांक आणता येणार नाही, म्हणजे बघणाऱ्याला सगळं खरंच वाटेल. ३, ६, १२ वर १६ आले, पण पुढे २०.५ ला फुटलं. शेवटी १, ३, ११ सापडले: पुढे १५, २०, २५. नियमही निघाला. पहिला आणि तिसरा आकडा दोन्ही सम किंवा दोन्ही विषम, आणि तिघांची बेरीज तीनने भागली जाणारी. हे पुस्तकात नाही, परीक्षेलाही येणार नाही. पण श्रेढीत मधलं पद म्हणजे सरासरी, हा गुण या वर्गाला आता मी घोकायला लावणार नाही.

माउसचं उजवं बटण दाबून ओढलं तर शेवटी एक यादी उघडते. तिच्यात 'ग्रोथ ट्रेंड' निवडला की २, ४, ८ चे १६, ३२ येतात. १, ४, ९ चे १६ मात्र तिथेही येत नाहीत. मशिनला दोनच चाली माहीत आहेत, बेरजेची आणि गुणाकाराची. वर्गसंख्या त्याच्या गावीच नाहीत.

२३ जुलै, बुधवार

आलेख. पहिल्यांदा ५, ८, ११, ... या श्रेढीचा रेषेचा आलेख घेतला आणि फसला, कारण एक्सेल ठिपके जोडून टाकतं. मुलं रेषेवर बोट ठेवून "अडीचावं पद ९.५" असं वाचायला लागली. अडीचावं पद असतं का, यावर वाद झाला आणि दोघं अजूनही असतं म्हणतात. विखुरलेल्या ठिपक्यांचा आलेख निवडा, रेषा नसलेला. मग पद म्हणजे ठिपका हे डोळ्यांना पटतं.

मागच्या गटाने आलेखाच्या वहीत हाताने तेच काढलं. त्यांच्यात हा गोंधळ झालाच नाही, कारण ठिपके जोडा असं कुणी सांगितलं नव्हतं. इथं मशिनपेक्षा वही सरस.

जिओजेब्रा हे आलेख-आकृत्यांचं सॉफ्टवेअर दोनच मशिनवर नीट चालतं. आदि आणि चय यांचे सरकते दांडे करून टीव्हीवर मीच दाखवलं. चय ऋण केला की ठिपके खाली कलतात, शून्य केला की आडवे. दहा मिनिटांचं काम. मुलांच्या हातात न देता झालं, त्यामुळे फारसं लक्षात राहिलं असेल असं वाटत नाही.

२८ जुलै, सोमवार

तास सुरू होऊन आठव्या मिनिटाला लाईट गेली, शाळा सुटेपर्यंत आली नाही. सेव्ह कुणीच केलं नव्हतं. दोन सोप्या गोष्टी: एक्सेलच्या पर्यायांमध्ये आपोआप जतन करण्याची मुदत दहा मिनिटांवरून एक मिनिटावर आणा, आणि त्या दिवसाच्या पानाच्या कोऱ्या छापील प्रती कपाटात ठेवा.

२ ऑगस्ट, शनिवार

एका मुलीची आई महिला बचत गटाची हिशोबनीस आहे. त्यांची रजिस्टरची वही मागवली होती, त्या काकी स्वतःच घेऊन आल्या. लाल कापडी पुठ्ठा, आत पेनाने आखलेले रकाने: नाव, मुद्दल, व्याज, दंड, शिल्लक. नावांवर पट्टी ठेवून एकच पान दाखवलं.

कर्ज १०,००० रुपये. व्याज महिन्याला २ टक्के, शिल्लक मुद्दलावर. दरमहा मुद्दलाचे १,००० फेडायचे. व्याजाचा रकाना वाचला: २००, १८०, १६०, १४०, असं करत दहाव्या महिन्याला २०. ऋण चयाची श्रेढी पुस्तकातल्या कुठल्याही उदाहरणापेक्षा स्वच्छ समोर होती. चय वजा २०, गच्छ १०.

एकूण व्याज किती? काकींनी तोंडीच सांगितलं, अकराशे. विचारलं कसं, तर म्हणाल्या, "पहिलं नि शेवटचं मिळून दोनशे वीस, दुसरं नि शेवटून दुसरं मिळूनही दोनशे वीस, अशा पाच जोड्या." सूत्र त्या शिकलेल्या नाहीत. मुलं माझ्याकडे बघायला लागली. मग हेच मशिनवर मांडलं. एका स्तंभात व्याज वरून खाली, शेजारच्या स्तंभात खालून वर, तिसऱ्या स्तंभात दोन्हींची बेरीज. दहा ओळींत दहा वेळा २२०. एकूण २,२००, त्याचं निम्मं ११००. सर्वधनाचं सूत्र कुठून येतं हे मी आजवर फळ्यावर बाण काढून दाखवायचे. हा तीन स्तंभांचा प्रकार त्याहून पक्का बसला, कारण मुलांनी आदि आणि चय बदलून बघितलं तरी तिसरा स्तंभ सपाटच राहतो.

४ ऑगस्ट, सोमवार

त्याच कर्जाचं दुसरं रूप. हप्ता समान ठेवला तर? बँका, मोबाइलची दुकानं असाच हप्ता लावतात. १०,००० रुपये, महिन्याला २ टक्के, १० हप्ते. एक्सेलमध्ये पीएमटी नावाचं सूत्र आहे, त्याने हप्ता १,११३.२७ आला. त्याचं गणित दहावीच्या बाहेरचं, म्हणून हप्ता मी दिला आणि पुढचे रकाने मुलांनी भरले. व्याज म्हणजे शिल्लकीच्या २ टक्के, उरलेला हप्ता मुद्दलात.

व्याजाचा रकाना: २००, १८१.७३, १६३.१०, १४४.१०. ठिपक्यांचा आलेख काढला तर सरळ रेषेत. सातपैकी सहा गटांनी श्रेढी आहे असं लिहिलं. मी मुद्दाम थांबले. सातव्या गटाने शेजारी फरकांचा स्तंभ केला होता: १८.२७, १८.६३, १९.००. फरक वाढतोय. मग त्यांनीच फरकाला फरकाने भागलं, तर दर वेळी १.०२ च्या आसपास. व्याजदरच बाहेर पडला.

आलेख डोळ्यांना फसवतो, फरकांचा स्तंभ फसवत नाही. पहिल्या दिवसापासून तो स्तंभ सक्तीचा करायला हवा. एकूण व्याज इथे ११३२.६५ येतं, गटाच्या पद्धतीपेक्षा ३२ रुपये ६५ पैसे जास्त. एकाने विचारलं, "मग बँकवाले असं का करत नाहीत?" गटाच्या पद्धतीत पहिला हप्ता १,२०० चा असतो आणि शेवटचा १,०२० चा, सुरुवातीलाच जास्त भरावं लागतं. सोपं कुणाला, हे घरी विचारून या म्हटलं. दुसऱ्या दिवशी उत्तरं आली ती घरागणिक वेगळी होती. पुढे चौथ्या प्रकरणात, अर्थनियोजनात, हे परत काढणार आहे.

११ ऑगस्ट, सोमवार

दोन मुलांना पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा करून बघायची होती. आधी इंस्टॉल करण्यातच शनिवारची दुपार गेली. संकेतस्थळावरून नवी आवृत्ती उतरवली तर विंडोज ७ वर ती चालतच नाही. विंडोज ७ वर चालणारी शेवटची मालिका ३.८. तीच शोधा, वेळ वाचेल.

प्रोग्रॅम छोटा: आकड्यांची यादी द्यायची, सलग फरक सारखे असतील तर 'श्रेढी आहे', नाहीतर 'नाही' छापायचं. ३, ७, ११, १५ वर 'आहे' आलं. ०.६, ०.९, १.२, १.५ दिले तर 'नाही'.

मुलांनी प्रोग्रॅम तीनदा वाचला, चूक नव्हती. मग फरक छापून बघितले. ०.९ वजा ०.६ चं उत्तर मशिन ०.३०००००००००००००००४ देतं, आणि १.२ वजा ०.९ चं ०.२९९९९... असं. संगणक आकडे दोनाच्या पायावर साठवतो आणि त्या पायावर ०.६ किंवा ०.९ पूर्ण लिहिता येत नाहीत. तुटलेले तुकडे वजाबाकीत वर येतात. एक तृतीयांश आपण दशांशात लिहायला गेलो की ०.३३३ संपत नाही, तसंच. उपाय मुलांनी काढला: सगळ्या पदांना आधी १० ने गुणून पूर्णांक करायचे. ६, ९, १२, १५ वर लगेच 'आहे'. पुस्तकातल्या अपूर्णांकांच्या क्रमिकांनाही हीच युक्ती, छेदाने गुणा. पायथॉनमध्ये अपूर्णांकांची वेगळी सोयही आहे, पण हा मार्ग त्यांचा त्यांना सुचला, म्हणून तोच ठेवला.

एक गंमत. कुणीतरी मराठी कीबोर्ड चालू ठेवला होता. प्रोग्रॅममध्येच ५ हा देवनागरीत लिहिला तर पायथॉन चूक दाखवतं. पण प्रोग्रॅम चालू असताना विचारलेल्या जागी देवनागरी ५ टाकून त्याचा पूर्णांक करायला सांगितलं तर बिनतक्रार स्वीकारतं. हे कळल्यावर दोघांनी अर्धा तास नुसतं देवनागरीत पाढे छापून घेतले. मी आडवलं नाही.

हा सगळा भाग दोघांपुरताच झाला. ४४ जणांना ७ मशिनवर पायथॉन शिकवणं या खोलीत होणार नाही, नाद करू नका.

२० ऑगस्ट, बुधवार

चाचणीचे पेपर तपासून झाले. दोन्ही तुकड्यांना एकच पेपर होता, त्यात मी एक प्रश्न घुसवला होता: ५, १०, २०, ... या क्रमिकेचं दहावं पद अंकगणिती श्रेढीच्या सूत्राने काढता येईल का? कारण लिहा. 'अ' मधल्या बहुतेकांनी फरक ५ आणि १० मांडून नाही म्हटलं. 'ब' मध्ये बऱ्याच जणांनी चय ५ धरून ५० काढले. इथवर मजा आली.

पण सर्वधनाच्या उदाहरणांत 'ब' पुढे. सूत्र आमच्या मुलांनीही बरोबर लिहिलं, आणि मग २७ × १४५ अशा गुणाकारात माती खाल्ली. महिनाभर गुणाकार मशिनने केले, त्याचं हे फळ. 'ब'च्या सरांनी स्टाफरूममध्ये हे ऐकवलंच, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. आता रोज तासाच्या सुरुवातीला दोन गुणाकार वहीत. मशिन नंतर.

अभ्यासक्रम आठवडाभर मागे आहे. वर्गसमीकरणांची उजळणी त्यामुळे राहिली.

२५ ऑगस्ट, सोमवार

खर्चाचा हिशोब, कुणाला लागला तर: कीबोर्ड दोन ७००, माउस तीन ६००, टीव्हीची केबल २५०, बटण-सेल सात २१०, एक्स्टेंशन बोर्ड ४५०. एकूण २,२१० रुपये. शाळेच्या निधीतून १,५०० मिळाले, बाकीचे माझे. यूपीएसच्या बॅटऱ्या महाग म्हणून सोडल्या.

फाइलीत आता पाच पानं आहेत: ओढणं आणि २५०० चा सापळा, आदि-चय-गच्छ, तीन आकड्यांची पैज, उलटसुलट स्तंभांची बेरीज, आणि बचत गट विरुद्ध समान हप्ता. प्रत्येक पानावर फरकांचा स्तंभ आधीच घालून ठेवलाय, आणि वर ठळक अक्षरात 'आधी वहीत, मग इथे'. पासवर्ड नाही, हवे ते बदला. चयाचं घर तेवढं डी स्तंभात नेऊ नका.

'ब'च्या सरांनी चौथ्या पानाची छापील प्रत मागितली आहे, संगणक खोली नको म्हणाले. काकींना पाचवं पान मोबाइलवर पाठवलं, त्यांनी त्यात दंडाचा रकाना वाढवून परत धाडलं. गणपतीच्या सुट्टीनंतर चौथं प्रकरण सुरू करायचं आहे, तेव्हा तेच पान वापरीन.